मोसंबीला भोक कोणी पाडलं

बुऱ्हाणपूरच्या गोविंदभाऊ दलालानं मला फसवलं. मी कऱ्हाडची फळांची व्यापारी आहे. टोपली घेऊन एसटी स्टँडवर बसण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे, आणि एवढ्या वर्षांत फळाच्या बाबतीत मला कोणी फसवलेलं नव्हतं. म्हणून हे पहिल्या ओळीतच लिहिलं. मोतीराम पाटलानं फसवलं असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. तो शब्द मी मागे घेतलाय, जवळजवळ पूर्ण. काहीजण म्हणतात की त्या किड्यानं, पतंगानंच फसवलं. पण पतंगाला समोर बसवून मी काय विचारणार?

बुऱ्हाणपूर

जेठात, फळं लिंबाएवढी असताना, मी एमपीतल्या देडतलाईच्या मोतीराम पाटलांची मोसंबीची बाग उक्ती घेतली होती. उक्ती म्हणजे वजन नाही, मोजणी नाही, झाडावरचं सगळं फळ एका बोलीत. नवरात्राच्या आधी तोडा करायचा आणि पहिल्या माळेला माल कऱ्हाडात उतरवायचा, असं ठरलेलं. उपासाच्या दिवसांत मोसंबीला जी मागणी असते ती वर्षभरात पुन्हा नसते, आणि रसवाले, मंडळं सगळ्यांना मी शब्द देऊन बसले होते. तेवढ्यात भाद्रपदात मोतीरामभाऊंचा फोन आला. "ताई, फळ गळून राहिलं. येऊन जा."

गळून राहिलं म्हणजे गळतंय. ती तिकडची बोली. करून राहिले, जाऊन राहिले, सगळं चालूच असतं.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: विकलेल्या बागेची काळजी विकणारा कशाला करेल? याला माझ्याकडून बाग सोडवून घ्यायची असणार. गिऱ्हाईक दुसरं मिळालं असणार. मी त्याच दिवशी निघाले.

रेल्वेच्या प्रवासात सांगण्यासारखी एकच गोष्ट. भुसावळनंतर समोर बसलेल्या एका केळीवाल्यानं मला सहज सांगितलं की त्यांच्याकडे उक्त्या बागेत झाडावरचं फळ घेणाऱ्याचं आणि जमिनीवर पडलेलं बागवाल्याचं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे बाग घेतली की वरचं खालचं सगळं घेणाऱ्याचं. हे ऐकलं आणि माझ्या मनात सगळा हिशेब जुळला. फळ पाडलं की ते त्याचं! मग ते पडतंय यात नवल काय?

बुऱ्हाणपूरला उतरून तडक बुधवाऱ्यात गेले, कारण सौदा जुळवून दिला होता तो गोविंदभाऊनं. बुधवारा म्हणजे जुनी पेठ. खाली दुकानं, वर घरं, मधल्या बोळातून एक रिक्षा आणि एक गाय समोरासमोर आली की दोघांनाही विचार करावा लागतो. गोविंदभाऊच्या दुकानाला कुलूप. शेजारी बांगड्यावाला बसला होता.

"गोविंदभाऊ? ते तर धूलकोटला गेले. भाचीसाठी पाहून राहिले."

"काय पाहून राहिले?"

"मुलगा."

"कधी येणार?"

"आता मुलगा पसंत पडला तर उशीर होईल, नाही पडला तर आजच येतील."

कोपऱ्यावर मावाजिलेबी तळत होते, ती घेतली. आमच्याकडची जिलेबी पिवळी, कुरकुरीत. ही काळपट तपकिरी, जाड, मऊ, खव्याची. चांगली होती. भाव मात्र मी कमी करायला सांगितला तर हलवाई म्हणाला, "ताई, जिलेबीत घासाघीस करणारे तुम्ही पहिले आहात." मी म्हटलं, "मग लक्षात ठेवाल." भाव त्यानं कमी केला नाहीच. तोही राग मी बरोबर घेऊन देडतलाईच्या गाडीत बसले.

देडतलाई

शहर सुटलं की दोन्ही बाजूंना केळी. वाऱ्यानं पानं फाटून झालरी झालेली, घड निळ्या प्लास्टिकात बांधलेले. मग कपाशी, मग मका, आणि मग रस्ता चढायला लागला की साग. सागाला पांढुरका मोहोर आला होता आणि सगळा डोंगर वरून पीठ भुरभुरल्यासारखा दिसत होता. आमच्याकडे डोंगर म्हणजे उघडा कातळ. इथे डोंगर झाडात बुडालेला. पुढे माझ्या डोक्याला जो ताप झाला, त्यात या जंगलाचाही हात आहे, पण त्या वेळी मला ते नुसतं छान वाटलं.

मोतीरामभाऊ रस्त्यावरच उभे होते. साठीचा, काटक माणूस, डोक्याला पंचा. "ताई, आधी पाणी घ्या."

"आधी बाग."

बागेत शिरले आणि पायाखाली पचकन झालं. झाडाझाडाखाली पिवळी फळं. काही ताजी, काही कुजून काळी पडलेली, आंबूस वास, घोंघावणारी चिलटं. मी एक ताजं फळ उचललं. साल सुरेख, वजन बरोबर, कुठे डाग नाही. बोटानं फिरवून पाहिलं तर एका बाजूला टाचणीएवढं भोक. भोकाभोवती साल थोडी मऊ आणि फिकी. मी जरा दाबलं तर त्या भोकातून रसाची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर.

दुसरं उचललं. भोक. तिसरं. त्यालाही भोक, बारीक, गोल, स्वच्छ. माशी अशी भोकं पाडत नाही. पक्षी तर नाहीच नाही. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "सुई कोणी टोचली?"

"काय?"

"सुई. इंजेक्शनची. फळाला टोचली की फळ सडतं, सडलं की गळतं, गळलं की तुमचं. मला रिवाज माहीत झालाय तुमचा."

मोतीरामभाऊ आधी हसले. "ताई, एवढ्या बागेला सुया टोचायच्या तर मला गावातले सगळे कंपाउंडर लावावे लागतील." मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाही, आणि त्यांचा चेहरा उतरला. "आणि माझं होतं, तर मग मी उचललं का नाही? हे इथं सडू का दिलं?"

मी म्हटलं, "तेच विचारतेय. का नाही उचललं?"

"माझा साडू जळगावकडे असतो. तो म्हटला, महाराष्ट्राच्या पार्टीत पडलेलंही घेणाऱ्याचंच असतं. आता तुमच्या मालाला मी कसा हात लावू? उद्या तुम्ही बोलाल की मोतीरामनं फळ ढापलं."

म्हणजे हा माणूस माझ्या रिवाजानं वागत होता आणि मी त्याच्या रिवाजावरून त्याच्यावर आळ घेत होते. आणि फळ मधल्या मध्ये सडलं! ऐकून मला आणखीच राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

"मग भोक कोणी पाडलं?"

"पतंगानं."

"पतंगानं!" मी म्हटलं. पतंग मीही पाहिलेत. दिव्यावर येतात, ताटात पडतात, मरतात. फुलातला मध पितात. मोसंबीची साल मला नखानं काढताना त्रास होतो, तिथे पतंग काय करणार?

"थांबा ना जी. दिवेलागण होऊ द्या."

दिवेलागण

अंधार पुरता पडायच्या आधीच ते आले. मोतीरामभाऊंनी बॅटरीचा झोत एका झाडावर फिरवला आणि फळांमध्ये दोन-दोन निखारे चमकले. लाल, नारिंगी, जोडीजोडीनं. माझ्या अंगावर काटा आला. भाऊ म्हणाले, "डोळे आहेत त्याचे."

जवळ गेले. फळावर वाळलेल्या पानासारखं काहीतरी बसलं होतं. माझ्या तळहाताच्या निम्म्यानं असेल. डोक्याखालून एक जाड सोंड निघून सरळ सालीत घुसलेली. फुलपाखराची असते तशी मऊ, गुंडाळलेली नव्हे, ही ताठ. आणि पतंग ती मागेपुढे हलवत होता, सुतार गिरमिट फिरवतो तसा. मी बघत उभी राहिले. मग घरातून चाळण मागवली, फळावर उपडी घातली आणि एक पकडला. खरं सांगते, मला वाटलं होतं भाऊ मध्येच "राहू द्या" म्हणतील. ते म्हणाले, "जपून, पंख निघून जातील."

रात्री जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, शेवभाजी आणि कच्च्या केळ्याची भाजी होती. आमच्याकडे कच्चं केळं उपासाला. इथे रोजचं. कौसल्यावहिनी, म्हणजे मोतीरामभाऊंच्या मंडळी, यांनी मला तीन वेळा वाढलं आणि तिन्ही वेळा विचारलं, "खरंच तुम्ही सुई बोलल्या?" दर वेळी त्यांना तोंडाला पदर लावून हसू येत होतं. ज्याच्यावर आळ घेतला त्याच्याच घरी जेवायचं, हा अनुभव मला नवा होता.

सकाळी वाटीखाली झाकलेला पतंग उजेडात पाहिला. माल तपासायची सवय आहे, तसाच तपासला. वरचे पंख करड्या-हिरवट तपकिरी रंगाचे, शिरा उठलेल्या, कडेला खाचा, अगदी आंब्याचं वाळकं पान. त्यात कसलीही किंमत दिसत नव्हती. मग त्यानं पंख फडकवले आणि खालचे पंख दिसले. हळदीकुंकू कालवावं तसे केशरी, प्रत्येकावर एक काळाभोर गोल ठिपका आणि कडेला काळी किनार, किनारीत पांढरे थेंब. अंगही केशरी, मखमली. मी आयुष्यभर असे व्यापारी पाहिले जे पेटीत वर चांगलं फळ लावतात आणि खाली सडकं. हा उलटा निघाला. वर टाकाऊ आणि आत असा माल! हा कोणाला फसवतोय आणि कशासाठी, ते मला कळेना.

"छान आहे हो," मी म्हटलं आणि लगेच माझा मलाच राग आला.

गुळवेल

पतंग बरणीत घालून मी देडतलाईच्या बाजारात औषधवाल्याकडे गेले. दुकानदारानं बरणी उजेडाला धरली. "रस पिणारा पतंग. यंदा भारीच आहे."

"औषध काय?"

"औषध कशावर मारता ताई? फळावर मारून फायदा नाही, तो बसतो रात्री, आणि सोंड आत. गुळाच्या पाण्यात विष कालवून ठेवतात लोक, थोडे मरतात. याची अळी शोधा ना."

"मोसंबीवर अळी कुठेच नाही. पानं स्वच्छ आहेत."

"मोसंबीवर नसतेच. ती गुळवेलीवर असते. वासनवेलीवर असते. मोसंबीची तर ती पानही खात नाही."

"मग तुमच्याकडे बाटली आहे ना? ती किती?"

"आहे, पण तिच्यानं काम नाही होणार."

विकणाराच विकत नाही म्हणाला, तर मी घासाघीस करू तरी कशावर? रिकाम्या हातानं परत आले.

बागेच्या कुंपणाला कडुनिंबाची ओळ आहे आणि त्या कडुनिंबांवर गुळवेल. हिरवीगार, पानं विड्याच्या पानासारखी हृदयाच्या आकाराची, वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतायत. काल मी तिच्याखालूनच आले होते. पानं उलटीपालटी केली. आणि सापडली. बोटाएवढी अळी, काळपट तपकिरी, मखमलीसारखी. पाठीजवळ प्रत्येक बाजूला दोन मोठे डोळे, पिवळे-पांढरे, मध्ये काळे. काडीनं शिवलं तर तिनं डोकं पोटाखाली मुडपलं, शेपूट वर केली आणि ते डोळे माझ्यावर रोखले. मोतीरामभाऊ म्हणाले, "खोटे आहेत ते. खरे डोळे खाली, बारीक." म्हणजे इथेही फसवणूकच.

गुळवेल मी चाखून पाहिलेली आहे. तापात आई द्यायची. तिच्याइतकं कडू या जगात दुसरं काही नसेल. ही अळी लहानपणी ते कडूजार खाऊन वाढते, आणि मोठी झाली, पंख फुटले, की तिला मोसंबीपेक्षा कमी गोड काही चालत नाही. आणि नुकसान कोणाचं, तर माझं.

"सगळी वेल तोडा," मी म्हटलं. "आजच. मुळासकट."

"वेलीला हात नाही लावायचा," मागून कौसल्यावहिनींचा आवाज आला.

"वहिनी, ही वेल तुमची बाग खातेय."

"बाग तर तुमची आहे ना आता? वेल माझी आहे." कमरेवर हात ठेवून त्या उभ्या होत्या. "यांची शुगर या वेलीनं धरलेली आहे. अर्धा गाव इथून काड्या नेऊन राहिला. कोणाला डेंग्यू झाला की पहिलं माझं दार."

"डॉक्टरकडे जायचं ना मग!"

"डॉक्टर पण इथूनच नेतो."

मोतीरामभाऊ दोघींच्या मध्ये उभे होते, कुठल्याच बाजूला न बघता. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बोला."

"मी काय बोलू? बाग तुमची, वेल तिची. मी इथं पाहुणा आहे."

शेवटी असं ठरलं की वेल तोडायची नाही, अळ्या वेचायच्या. आम्ही तिघांनी दुपारभर पानं चाळली. अळ्या होत्या, पण वाटलं होतं तेवढ्या नव्हत्या. फार थोड्या. एवढ्याशा अळ्यांनी एवढी बाग पाडली असेल, हे माझ्या हिशेबात बसेना. मी तसं म्हटल्यावर मोतीरामभाऊंनी नुसता हात केला, बागेच्या पलीकडे, जिथून सागाचा डोंगर सुरू होतो.

"तिथं किती गुळवेल आहे, माहीत आहे का ताई? वासनवेल किती? ते तिथंच वाढतात. संध्याकाळी वास येतो फळाचा, की येतात उतरून."

मग वहिनींशी भांडण कशासाठी केलं मी? आणि भाऊंना हे माहीत होतं तर भांडू का दिलं? विचारलं तर म्हणाले, "तुम्ही रागात होत्या."

आता मी काय, जंगलावर फिर्याद करू?

धूर

त्या संध्याकाळी शेजारच्या बागेतून पांढरा धूर जमिनीलगत पसरत येताना दिसला. शेण, ओलं गवत आणि कडुनिंबाचा पाला जाळल्याचा वास.

"हे काय?"

"धूर करून राहिले. फळ भरायला लागलं की रोज दिवेलागणीला करावा लागतो. धुरात पतंग उतरत नाही. सडकं फळ उचलून पुरायचं आणि धूर करायचा, एवढं केलं की पुष्कळ वाचतं."

मी थंडपणे विचारलं, म्हणजे प्रयत्न केला. "मग आपल्या बागेत का नाही केला?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी. "तुम्ही माणूस नाही ठेवला ना."

"मी?"

"बाग उक्ती विकली की रखवाली घेणाऱ्याची. धूर, राखण, सगळं. मी वाट पाहून राहिलो की ताईचा माणूस आज येईल, उद्या येईल."

"आमच्याकडे तोडा होईपर्यंत रखवाली बागवाल्याची असते!"

"तुमच्याकडे असेल."

"मग फोन का नाही केला?"

"केला ना. फळ गळून राहिलं, येऊन जा, बोललो." आणि खरंच, ते एवढंच बोलले होते. धूर हा शब्द त्यांनी काढला नव्हता, कारण त्यांच्या लेखी तो मला माहीतच होता. माझ्याही लेखी रखवाली त्यांचीच होती, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भांडून घ्या, पण तोवर कोणी शेण तर पेटवा." मग आम्ही भांडत-भांडतच ढीग रचले. माझ्या डोळ्यांत धूर गेला, पदराला ठिणगी लागून भोक पडलं. निखाऱ्यांसारखे डोळे त्या संध्याकाळी फार कमी दिसले. दोन आठवडे आधी हेच केलं असतं तर? हा विचार मला अजून झोपू देत नाही.

आता हे असं कसं झालं, ते सांगायला हवं. जेठात सौदा झाला तेव्हा मी आणि मोतीरामभाऊ एकमेकांशी भावाचं एक अक्षर बोललो नव्हतो. तिथे उक्त्या सौद्यात खरेदीदार आणि बागवाल्यानं थेट बोलायचं नसतं. दलाल रुमालाखाली एकाचा हात धरतो, बोटं दाबून भाव विचारतो, मग दुसऱ्याचा हात धरतो. मला ही रीत तेव्हा फार आवडली होती. बाजारात चाळीस माणसांसमोर ओरडण्यापेक्षा किती सभ्य, असं वाटलं होतं. बोटांत माझ्यासारखी पक्की बाई कोण? भाव मी छान पाडला होता. पण बोटांनी भाव सांगता येतो. धूर कोण करेल हे बोटांनी कसं विचारायचं?

धूलकोट

मोतीरामभाऊ म्हणाले, "गोविंदभाऊला विचारू." दोघं मिळून निघालो. गोविंदभाऊचा फोन लागत नव्हता, म्हणून सरळ धूलकोटला. देडतलाई एका टोकाला आणि धूलकोट दुसऱ्या, मधे अख्खं बुऱ्हाणपूर. त्याच्या भाचीचं घर शोधत गेलो तर ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. आम्हाला बघून त्यांनी आत हाक मारली, "चहा ठेवा, मुलाकडचे आले."

"आम्ही मुलाकडचे नाही."

"मग मुलीकडचे?"

"आम्ही मोसंबीकडचे," मोतीरामभाऊ म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

गोविंदभाऊ सकाळीच बुऱ्हाणपूरला निघून गेले होते. मुलगा पसंत पडला नव्हता. पण आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही: मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल आणि ठेचा. अनोळखी माणसाला असं बसवून वाढायची पद्धत आमच्याकडे होती, आता कमी झाली. जेवताना मी भाऊंना म्हटलं, "सुई म्हटलं, ते चुकलं माझं." ते म्हणाले, "ठेचा घ्या अजून." मला वाटतं त्यांनी मान्य केलं. नक्की सांगता येत नाही.

बुधवारा

गोविंदभाऊ दुकानात होता. स्वच्छ पांढरा सदरा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर सगळ्या जगाचं भलं व्हावं असा भाव. दराबा मागवला. रवा, तूप, साखर इतकी फेटलेली की जिभेवर ठेवली की नाहीशी होते. मी खाल्ला नाही. मोतीरामभाऊंनी खाल्ला.

मी सगळं सांगितलं. भोक, पतंग, वेल, धूर. गोविंदभाऊ मान डोलवत राहिला. "फार वाईट झालं. पतंगाचं काय करणार, ताई? निसर्ग आहे."

"पतंगाचं सोडा. धूर कोणी करायचा होता?"

"आता असं आहे," तो म्हणाला, "बाग एमपीची, तर रिवाज एमपीचा. पण पार्टी महाराष्ट्राची, तर मान महाराष्ट्राचा. दोन्ही बरोबर आहेत."

"दोन्ही बरोबर कसे? धूर एकदाच करायचा असतो!"

"तुम्ही दोघं माझी घरची माणसं. आपसात बोलून घेतलं असतं—"

"आपसात बोलायचं नाही असं तुम्हीच बोलले होते," मोतीरामभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात दराब्याचा चमचा तसाच होता. इतक्या दिवसांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "मी तर जेठात विचारलं होतं तुम्हाला, गोविंदभाऊ. ताईला सगळं माहीत आहे ना? तुम्ही बोलले, हो, सगळं माहीत आहे."

मला हे नवीन होतं. मी आठवू लागले आणि आठवलं. मीही विचारलं होतं, तोड्यापर्यंत बागेकडे बघायला माणूस आहे ना. गोविंदभाऊ म्हणाला होता, हो, आहे. कोणाचा माणूस, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

गोविंदभाऊनं गंधाला हात लावला. "ताई, मी चांगल्यासाठीच हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर सौदा मोडला असता."

बाहेर रिक्षावाला कोणावर तरी ओरडत होता. मोतीरामभाऊंनी चमचा खाली ठेवला. मी उठले, आणि गोविंदभाऊ आम्हाला दारापर्यंत सोडायला आला, फार अदबीनं.

उरलेलं फळ आम्ही कच्चंच तोडलं, जरा हिरवट, पण बिनभोकाचं. गाडी अर्धी भरली. एकेक फळ तपासून निवडण्यात दिवस गेले आणि पहिल्या माळेला माल कऱ्हाडात पोचला नाही. तिसऱ्या माळेला पोचला, आंबट. रसवाले साखर घालून वापरतायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. मोतीरामभाऊंचा परवा फोन आला, वहिनींनी गुळवेलीच्या काड्या पाठवल्या आहेत म्हणून. का पाठवल्या, माहीत नाही. पुढच्या बहाराला बाग पुन्हा घ्यायची की नाही, तेही मला ठरवता येत नाही. पतंगावरचा राग मी सोडला आहे; तो पोटासाठी आला. वेलीवरचाही सोडला.

पण गोविंदभाऊ, तुमच्यावरचा सोडलेला नाही. तुम्ही माझ्याकडून दलाली घेतली आणि मोतीरामभाऊंकडूनही घेतली. ती दलाली बागेची नव्हे, फळाची नव्हे. आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही आणि आमच्या वतीनं तुम्ही बोलायचं, त्याची होती. मग धूर कोणी करायचा, एवढं एकच वाक्य बोलायचं राहिलं कसं? दराबा नको, निसर्ग नको, एमपी आणि महाराष्ट्र नको. आम्ही दोघं पुन्हा तुमच्या ओट्यावर येऊन बसणार आहोत. आमच्या दोघांच्या तोंडावर, एकाच वेळी, एकच उत्तर द्या.